बसून राहण्याचा खर्च: घरचा हिशोब कसा मांडायचा आणि तो कसा उतरवायचा

मी कोल्हापुरात शाहूपुरीत एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मार्चएंडला सगळ्या जगाची बिलं लावून झाली की माझ्या घरची फाईल सगळ्यात शेवटी उघडते, आणि यंदा ती उघडली तर मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मेडिकलची बिलंच एवढी निघाली की ती टेबलावर पसरून पहिल्यांदाच नीट बेरीज मारली. वर्षाचे ३७,४८० रुपये. शुगर आणि बीपी, बस्स. अ‍ॅडमिट एकदाही नाही, ऑपरेशन नाही, काही नाही.

मामा रिटायर होईपर्यंत शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, उभ्यानं काम, जायला यायला सायकल. रिटायर झाल्यावर गॅलरीतली खुर्ची, पेपर, टीव्ही, जेवण, झोप, परत टीव्ही. तिसऱ्या वर्षी शुगर निघाली. बसण्यामुळंच निघाली असं मी म्हणत नाही, घराण्यातच शुगर आहे, पण बसण्याचा वाटा किती हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि मग मी देशोदेशी हा हिशोब कसा करतात ते शोधून शोधून वाचलं. ते वाचून घरी एक वही घातली. ती कशी घालायची ते इथं सांगते, पण आधी देशांचे आकडे थोडे समजून घ्या, कारण ते आकडे लोक कसेही फिरवतात.

२०१६ साली लॅन्सेट या मेडिकलच्या साप्ताहिकात १४२ देशांचा मिळून हिशोब आला होता. हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ ची शुगर, स्तनाचा कॅन्सर आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर असे पाचच आजार धरले, त्यातला किती भाग शरीराची हालचाल कमी असल्यामुळं येतो ते काढलं आणि त्याचा उपचाराचा खर्च २०१३ या एका वर्षासाठी मांडला. आला ५,३८० कोटी डॉलर. अकाली गेलेल्या माणसांचं बुडालेलं उत्पन्न १,३७० कोटी डॉलर, ते वेगळं. हे डॉलर साधे नाहीत हं, प्रत्येक देशातल्या किमतींप्रमाणे सारखे करून घेतलेले आहेत, म्हणजे इथल्या एक्सरेची आणि अमेरिकेतल्या एक्सरेची तुलना नीट व्हावी म्हणून.

आता हे पैसे भरले कुणी ते बघा, मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ५,३८० कोटींतले ३,१२० कोटी सरकारांनी, १,२९० कोटी विमा वगैरे खाजगी यंत्रणेनं आणि ९७० कोटी लोकांनी स्वतःच्या खिशातून. म्हणजे शंभरातले अठरा रुपये घरातनं गेले. हे जगाचं झालं. आपल्याकडं एकूण आरोग्यखर्चात (हे सगळ्या आजारांचं आहे, फक्त बसण्याचं नाही) लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ ला ६४ टक्के होता आणि २०२१-२२ ला ३९ टक्क्यांवर आला. चांगलाच खाली आला, पण शंभरातले एकोणचाळीस अजून आपलेच जातात.

आणि दुसरी गोष्ट. त्या हिशोबात उपचाराच्या खर्चातले ८१ टक्के श्रीमंत देशांचे होते, पण आजारपणानं आणि अकाली मरणानं वाया गेलेली आयुष्याची वर्षं मोजली तर त्यातली ७५ टक्के गरीब आणि मधल्या देशांची. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं की बसणारे लोक तिकडंच जास्त असतील. तसं नाही. तिकडं बिल मोठं दिसतं कारण उपचार होतात आणि महाग होतात, आपल्याकडं बिल लहान दिसतं कारण कितीतरी लोकांची शुगर तपासलीच जात नाही, तपासली तर गोळ्या अर्ध्यात सोडल्या जातात. म्हणून कुठल्या देशाचा खर्च कमी दिसला की तिथले लोक ठणठणीत आहेत असं लगेच समजू नका, घरच्या हिशोबालापण हेच लागू आहे, ज्या घरात मेडिकलचं बिल शून्य आहे त्या घरात कदाचित कुणी तपासायला रक्तच दिलेलं नसतंय.

आकड्यांमधली अजून एक भानगड सांगते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात तिथल्या पुरेशी हालचाल न करणाऱ्यांमुळं वर्षाला ११,७०० कोटी डॉलर जास्त जातात असं आलंय, तिथल्या आरोग्यखर्चाच्या साधारण ११ टक्के. आता जगाचा आकडा ५,३८० कोटी आणि एकट्या अमेरिकेचा ११,७०० कोटी, हे कसं काय? चूक कुणाचीच नाही, हिशोबाची पद्धतच वेगळी आहे. जगाच्या हिशोबात पाचच आजार होते आणि शंका असेल तिथं कमी धरायचं असं धोरण होतं, अमेरिकेच्या हिशोबात हालचाल करणारे आणि न करणारे यांचा सगळ्या आजारांचा मिळून खर्च समोरासमोर ठेवून फरक काढला. ब्रिटनमध्ये सरकारी आकडा वर्षाला ७४० कोटी पाउंड सांगतात आणि त्यातले त्यांच्या सरकारी दवाखान्यांवर, एनएचएसवर, साधारण ९० कोटी, म्हणजे बहुतेक खर्च दवाखान्याच्या बाहेरचा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा रिपोर्ट आहे, त्यात २०२० ते २०३० मध्ये जवळजवळ ५० कोटी लोकांना बसण्यामुळं नवीन आजार लागतील आणि वर्षाला २,७०० कोटी डॉलर खर्च येईल असं म्हटलंय, तिथं बीपी, डिप्रेशन, स्मृतिभ्रंश पण धरलेत आणि डॉलर साधे अमेरिकेचे आहेत. त्यामुळं एका हिशोबातला आकडा दुसऱ्याला लावून गुणाकार करत बसू नका. ऑफिसात नवीन पोरं बॅलन्सशीट लावताना हीच चूक करतात, दोन वेगळ्या पद्धतींच्या रकमा एका ओळीत घेतात.

आता घरची वही.

साधी दोनशे पानी वही घ्या, एक्सेल येत असेल तरी वहीच घ्या कारण ती घरातल्या सगळ्यांना दिसली पाहिजे. घरातल्या प्रत्येकाला एक पान, पोरांना सुद्धा. पानावर डाव्या बाजूला मागच्या बारा महिन्यांचा खर्च, फक्त या आजारांचा: शुगर, बीपी, हृदय, पक्षाघात, गुडघे-पाठ वाटलं तर वेगळ्या ओळीत. सर्दी-ताप, दात, डोळ्याचा चष्मा यात घेऊ नका. मामांचं पान असं आलं: गोळ्या महिन्याला २,३४० म्हणजे वर्षाला २८,०८०, दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी ९०० म्हणजे ३,६००, डॉक्टरांची फी ५०० सहा वेळा म्हणजे ३,०००, डोळ्याच्या पडद्याची तपासणी एकदा १,२००, रिक्षा १६० च्या दहा फेऱ्या म्हणजे १,६००. झाले ३७,४८०. मग माझे सहा अर्धे दिवस त्यांना घेऊन जाण्यात गेले, ४०० प्रमाणे २,४०० धरले. ३९,८८०.

हे बुडालेले दिवस लिहायला लोक विसरतात, आणि त्याहून जास्त विसरतात ते घरातल्या बाईचा सांभाळण्याचा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या रिपोर्टात नव्या आजारांमध्ये स्मृतिभ्रंशाचे पेशंट फक्त ३ टक्के पण उपचाराच्या खर्चात त्याचा वाटा २१ टक्के आहे, आणि तो नुसता उपचाराचाच. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना माहितीय रात्री उठणं, दाराला कडी लावणं, जेवण भरवणं हे कुठल्याच बिलात येत नाही. तुमच्या वहीत येऊ दे. तासात लिहा, रुपयात नको वाटलं तर.

इथं एक चूक टाळा. डावीकडची सगळी बेरीज ‘बसण्यामुळं झालेला खर्च’ म्हणून मामांच्या किंवा कुणाच्याच तोंडावर मारू नका. २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात जगातल्या टाइप २ शुगरच्या ओझ्यातला ७ टक्के आणि हृदयविकाराच्या ओझ्यातला ६ टक्के भाग कमी हालचालीमुळं येतो असं काढलं होतं. ही टक्केवारी कोट्यवधी लोकांना मिळून आहे, एका माणसाला लावता येत नाही, एका माणसाची शुगर आनुवंशिक, खाणं, वजन, झोप, टेन्शन सगळ्याची मिळून असते. डावी बाजू एवढंच सांगते की आत्ता किती जातंय. तेवढंच पुरे आहे.

उजव्या बाजूला हालचालीचा खर्च आणि हालचालीची मिनिटं. आमचा खर्च: बुटांचे दोन जोड ३,६००, छत्री ४००. रंकाळा तलावावर फिरायला तिकीट नाही, विद्यापीठाच्या परिसरातल्या झाडीलापण नाही. ३९,८८० च्या समोर ४,००० लिहिले तेव्हा आमच्या ह्यांनी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गजर लावला. मी काही बोलले पण नाही.

मिनिटं किती पाहिजेत? मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोराची, आणि आठवड्यातनं दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पासष्टच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम पण करायचा. पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच मोजा असं म्हणायचे, २०२० पासून ते काढून टाकलंय, प्रत्येक मिनिट मोजायचं. मध्यम दम ओळखायची खूण अशी की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. रंकाळ्यावर घोळक्यानं रमतगमत फेरी मारून शेवटी भेळ खाणारे पुष्कळ दिसतात, फिरणं चांगलंच आहे, पण त्यातली दमाची मिनिटं वेगळी काढून लिहा, सगळा तास लिहू नका.

भारताचा आकडा मला फार लागला. २०२२ मध्ये आपल्याकडचे जवळजवळ निम्मे मोठे लोक एवढी पण हालचाल करत नव्हते, २००० साली हे प्रमाण २२ टक्के होतं. जगाचं ३१ टक्के आहे. आणि बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या चिडल्याच, म्हणाल्या दिवसभर आम्हीच राबतोय आणि वर आम्हीच बसलोय म्हणे. त्यांचं खरं आहे आणि आकडा पण खरा आहे. काम भरपूर असतंय, पण ओट्यापाशी उभं राहून, तीच पाच पावलं, त्यात दम लागत नाही. पाटा-वरवंटा गेला, धुणं मशिनमध्ये गेलं, भाजीला गाडीवरनं. कष्ट कमी झाले ते चांगलंच झालं, माझ्या आईच्या हाताची अवस्था मी बघितलीय, मला ते दिवस परत नकोत. पण दमाचं चालणं बाईला वेगळं काढून द्यावं लागतंय, आणि ते सकाळी सहाला निघत नाही कारण सहाला डबा असतो.

म्हणून वही घातल्यावर पहिलं काम घराचं टाइमटेबल बदलायचं, बाईनं अजून लवकर उठायचं नाही. आमच्यात असं केलंय: भाजी रात्रीच चिरून ठेवायची, सकाळचा चहा आणि पाणी भरणं ह्यांच्याकडं, कणिक मामा मळतात (त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मळली आणि आता माझ्यापेक्षा मऊ मळतात), आणि सहा दहा ते सहा चाळीस मी बाहेर. आठवड्यातनं चार दिवस म्हणजे १२० मिनिटं. ऑफिसला केएमटीच्या सिटी बसनं जाताना दोन स्टॉप आधी उतरते, बारा मिनिटांचं चालणं, पाच दिवसांचे ६०. झाले १८०. ज्या घरात पुरुष रंकाळ्याला आणि बाई ओट्यापाशी, त्या घराचा हिशोब अर्धाच उतरतो.

केएमटीवरनं आठवलं. बसण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा बसमध्येच नीट सापडला होता. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकच बस, एकच शहर, तरी दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी, बसणाऱ्या ड्रायव्हरना जास्त. जे ऑफिसात, दुकानात, गुजरीत (सोनारांच्या पेठेत) गादीवर बसतात ते सगळे आपण ड्रायव्हरच्याच सीटवर आहोत, म्हणून तासाला एकदा उठा, फोन आला की उभं राहून बोला, पाणी दुसऱ्या खोलीत ठेवा. याची मिनिटं कमी भरतात पण बसण्याची सलगता मोडते.

खाण्याबद्दल थोडंसंच. कोल्हापूरनं तालमीचं खाणं ठेवलं आणि तालीम सोडली. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, मल्ल राबायचे तेव्हा दूध-तूप-मटण जिरायचं, हजार हजार बैठका मारणाऱ्याच्या ताटातलं आपण खुर्चीवर बसून खातोय. तांबडा-पांढरा रस्सा सोडा असं मी सांगणार नाही, मी स्वतः सोडणार नाही. जेवल्यावर लगेच पडू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतर वर जाणारी शुगर त्यानं कमी चढते. मामांना मी हे पहिल्या आठवड्यात करायला लावलं कारण त्याला बूट पण लागत नाहीत, बोळातल्या बोळात चार चकरा.

आणि ताकदीच्या व्यायामाला जिमची फी नको, बैठका आहेत की. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही आणि पंचगंगा पात्राबाहेर आली की रस्तेच बंद, तेव्हा सगळ्यांचं चालणं सुटतं आणि परत सुरूच होत नाही. वहीत पावसाचं पान आधीच करा: अपार्टमेंटचा जिना, पार्किंगमध्ये फेऱ्या, बैठका दहाच्या तीन पाळ्या. वयस्कर माणसानं खुर्चीवरनं हात न लावता उठायचं-बसायचं, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, तोलाचा व्यायाम तिथंच होतो.

एवढं करून पैसे वाचतात का, हे विचाराल. ज्यांची शुगर अजून काठावर आहे त्यांचं वाचण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. अमेरिकेत काठावरच्या लोकांना आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि वजन ७ टक्के कमी एवढं लक्ष्य दिलं, तीनेक वर्षांत शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, २००२ साली छापून आलंय. चेन्नईत आपल्याच लोकांवर तसंच केलं, खाणं आणि चालणं, तिथं साडेअठ्ठावीस टक्के कमी झालं. कमी वाटेल पण आपली माणसं कमी वजनातच शुगरला जातात, तरी एवढं उतरलं हे मला मोठं वाटतं. म्हणून तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी-शुगर एकदा तपासून वहीत लिहा, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट असते. ज्यांना शुगर झालीच आहे त्यांनी चालायला लागलो म्हणून गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. मामांना आठ महिने झाले, गोळ्या तेवढ्याच आहेत, डोस वाढलेला नाही, मी त्यालाच जमा धरलंय.

स्वीडनमध्ये डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर व्यायाम लिहून देतात, न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून हिरवी चिठ्ठी म्हणून तसंच आहे, सिंगापूरच्या सरकारनं २०१५ मध्ये पावलं मोजून बक्षिसं द्यायला सुरुवात केली. तिथं पुढचं बिल बऱ्याच अंशी सरकारवर येतं म्हणून सरकार आधीच हातपाय हलवतं. आपल्याकडं अ‍ॅडमिट झालं तर महात्मा फुले योजना आहे, पाच लाखांपर्यंत, पण रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, आणि साध्या मेडिक्लेममध्ये पण बहुतेक वेळा येत नाहीत. हा रोजचाच खर्च आपल्या खिशातला आहे, म्हणून तो आपणच उतरवायचा.

कागदाची दोन कामं. गोळ्या जनऔषधी दुकानात त्याच घटकाच्या मिळतात का ते डॉक्टरांना विचारून बघा, आमचं बीपीच्या गोळीचं बिल निम्म्याहून खाली आलं. आणि आई-वडील साठीच्या पुढचे असतील, त्यांचा विमा नसेल आणि तुम्ही जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर त्यांचा औषधपाण्याचा खर्च टॅक्सच्या उत्पन्नातनं पन्नास हजारांपर्यंत वजा मिळतो, पण रोख दिलेला चालत नाही, म्हणून मेडिकलमध्ये यूपीआयच करा आणि बिलावर पेशंटचं नाव घाला.

सुरू करण्याआधी: छातीत दुखतं, थोड्याच चालण्यानं धाप लागते, आधी अ‍ॅटॅक येऊन गेलाय, इन्सुलिन चालू आहे, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवा. आणि शुगरवाल्यांनी फिरायला कोल्हापुरी पायतान घालू नका, माझं पण जीव की प्राण आहे ते, पण पायाची जाणीव कमी झालेली असेल तर अंगठ्याला घासलेलं कळत नाही आणि जखम महिनोन् महिने चालते. मोजे, बूट, आणि घरी आल्यावर तळवा बघायचा.

पुढच्या व्हिजिटला वही बरोबर न्या. मामा आधी डॉक्टरांना ‘चालतोय की थोडंफार’ म्हणायचे, आता आठवड्याची मिनिटं आणि त्याखाली सकाळची शुगर असं लिहिलेलं पान पुढं ठेवतात, डॉक्टर ते वाचतात आणि मगच पेन उचलतात.